थायरॉईडच्या गाठीचा ब्लॉकही मागा

रविवारच्या पुरवणीतील थायरॉईडच्या गाठींवरचा लेख वाचला. सुईने पेशी काढून तपासाव्यात हा सल्ला योग्यच, पण निदान तिथेच संपते असा समज होऊ नये. क्वचित या ग्रंथीत सॉलिटरी फायब्रस ट्यूमर ही मऊ ऊतींची गाठ निघते. ती तंतुमय असल्याने सुईत पुरेशा पेशी येत नाहीत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली लांबट, चातीसारख्या पेशी दिसल्या की मेड्युलरी किंवा अ‍ॅनाप्लास्टिक या थायरॉईडच्या कर्करोगांची शंका येते. उलगडा होतो तो ब्लॉकवर, म्हणजे मेणात जतन केलेल्या गाठीच्या तुकड्यावर, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींतली ठरावीक प्रथिने रंगवून ओळखण्याची तपासणी) केल्यावर: थायरॉईडच्या पेशींतली थायरोग्लोब्युलिन, कॅल्सिटोनिन निगेटिव्ह, स्टॅट-६ हे प्रथिन पॉझिटिव्ह. स्टॅट-६ची ही खूण २०१३ मध्ये या गाठींतला जनुकीय बदल सापडल्यानंतर वापरात आली.

अ‍ॅनाप्लास्टिक कर्करोग अत्यंत घातक. सॉलिटरी फायब्रस ट्यूमर मात्र बहुतेकदा पूर्ण काढली की भागते, नंतरची नियमित तपासणी तेवढी चुकवू नये. थायरॉईडच्या काही कर्करोगांवर देतात त्या किरणोत्सारी आयोडिनचा या गाठीवर उपयोगच नाही. म्हणून रिपोर्ट संदिग्ध असेल तर नातेवाइकांनी स्लाइडबरोबर ब्लॉकही मागून घ्यावा. परळच्या टाटा रुग्णालयात अशी फेरतपासणी होते. नुसती रिपोर्टची झेरॉक्स तिथे पुरत नाही.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सांगली