बाबा, मांजर नव्हतं ते

प्रिय आई, बाबा,

तुम्हाला पुण्याला जाऊन पंधरा दिवस झाले न इकडे नागपुरात नुसतं पेटून राहिलं आहे, दुपारी धरमपेठेत कुत्रंही दिसत नाही रस्त्यावर. झाडांना दोन्ही वेळ पाणी देते, मोगरा ठीक आहे. कूलर मात्र हॉलमधून आतल्या खोलीत नेला, आई रागावू नको, त्या ओल्या हवेनं पियानोचं लाकूड फुगतं न पट्ट्या अडकतात, मधली एक तर दाबली की वरच यायची नाही. आता पियानो मजेत न मी घामात. सकाळी साडेपाच ते आठ, एवढाच काय तो रियाज. शेजारच्या काकू अजून बोलल्या नाहीत, पण बघतात.

बाबा, मी रेकॉर्डिंग टाकलं त्यावर तुम्ही ग्रुपवर विचारलं, पियानोवर मांजर सोडलं होतं का. सगळे हसले, दादानं तीन इमोजी टाकले, मी पण हसली. मग रात्री झोप नाही आली. चार महिने झाले मी ती जेमतेम अडीच मिनिटं बसवून राहिली आहे, न आपल्या घरात ती कोणाला कळायला हवी तर तुम्हालाच. देशपांडे हॉलमध्ये तबल्याची तिहाई समेवर आली की बाजूच्याला कोपर मारता न तुम्ही, म्हणून म्हणते.

लिगेटी म्हणून हंगेरीकडचा कंपोझर, त्याचे 18 एट्यूड, म्हणजे रियाजासाठीच्या रचना आहेत, त्यातलं हे पहिलं, 1985 चं. नाव 'देझॉर्द्र', म्हणजे गोंधळच, त्यामुळे मांजर आठवलं तर तुमची फार चूक नाही म्हणा. पण आत सगळा हिशोब आहे. उजवा हात फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर, डावा फक्त काळ्या. दोघं सोबत निघतात, आठ-आठ मात्रांचे तुकडे, त्यांत जोराचे ठोके तीन-पाच, तीन-पाच, पाच-तीन असे, न चौथ्या वेळी उजवा हात आठाऐवजी सातच मात्रा घेऊन पुढे निघून जातो, डावा आपला पूर्ण आठ घेतो. झालं, एका मात्रेची फट पडली. परत तेच, फट वाढली. पुढे पुढे ठोकेच इतके जवळ यायला लागतात की कोण कुठे आहे कळत नाही, न हे सगळं सेकंदाला आठेक स्वर एवढ्या लयीत.

मेट्रोनोम लावून हात वेगवेगळे बसले होते माझे. एकत्र आणले की एक दुसऱ्याच्या मागे पळायचा, रडकुंडीला आली होती मी बाप्पा. शेवटी नोटेशन बाजूला ठेवलं न जेवायच्या टेबलावर हातानं ठोके देत बसली, तुम्ही लहानपणी बोल म्हणायला लावायचे तसं.

पण खरं सुटलं ते आईमुळे. आई, तू फोनवर सहज म्हणाली, "एक जण पुढं जाऊन राहिला न दुसरा मागून येऊन राहिला, आमच्या अंबाझरीच्या फिरण्यासारखं." बाबा कधी थांबत नाहीत न तू कधी पळत नाहीस. मी दोन्ही हात मोजत होती न, तीच चूक. आता डावा तेवढा धरून ठेवते, उजव्याला जाऊ देते.

अन् बाबा, परदेशी खूळ म्हणून सोडून देऊ नका. मेसियाँ नावाच्या फ्रेंच माणसानं 120 देशी तालांची यादी घेऊन त्यातले ताल आपल्या रचनांत वापरले, ती यादी शार्ङ्गदेवाच्या संगीतरत्नाकरातली, न शार्ङ्गदेव 13 व्या शतकात कोणाकडे होता? आपल्या देवगिरीच्या यादवांकडे.

सगळंच मला आवडतं असंही नाही हं. काही रचना ऐकून वाटतं कंपोझरचं वाजवणाऱ्याशी जुनं भांडण असावं. आई, तू विचारलं होतंस, चुकलं तर कोणाला कळतं का. खरं सांगू, बऱ्याच जणांना नाही कळत. झेनाकिस म्हणून दुसरा एक कंपोझर, त्याच्या 1973 च्या 'एव्रिआली' या पियानोच्या रचनेत तर एक स्वर असा लिहिलाय जो पियानोवर आहेच नाही, पट्ट्या संपतात त्याच्या आधी. वाजवणाऱ्यानं ठरवायचं काय करायचं. पण 'देझॉर्द्र'मध्ये एक ठोका हुकला न, तर ती फटच बुजते, मग उरतो नुसता गोंगाट. तुम्हाला पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये एका जागी तसं झालंय, कुठे ते नाही सांगत.

जूनच्या शेवटी सरांच्या घरी वाजवते आहे, वीसेक लोक असतील. तोवर पाऊस आला तर बरं, नाहीतर तिथेही कूलर बंद. या दोघं. बाबा, त्याआधी एकदा इयरफोन लावून फक्त डाव्या हातावर टाळी धरून बघा, पहिले दहा सेकंदच. ग्रुपवरचं डिलीट नका करू, राहू द्या.

तिकिटं दादाला आताच काढायला सांगा, नंतर मिळत नाहीत. न येताना बाकरवडी.

तुमची,
मनू