ग्रीक पुराणं आणि उद्योगपर्व

न्यूयॉर्क,
१२ ऑक्टोबर

प्रिय भवानी,

"कॉम्प्युटर सायन्स शिकायला गेलीस ना गं, मग ही ग्रीक पुराणं कुठून आली?" असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी हॉस्टेलच्या लाँड्रीत होते आणि मशीनच्या घरघरीत नुसतं हसून वेळ मारून नेली. आज सविस्तर लिहिते. निबंध द्यायचाय, म्हणजे पत्र लिहायला याहून चांगला मुहूर्त नाही.

हा विषय मी निवडलेला नाही. कोलंबिया कॉलेजात पहिल्या वर्षाला आलेल्या प्रत्येकाला तो घ्यावाच लागतो, पुढे तू गणित कर नाहीतर नाटक. नाव ‘लिटरेचर ह्युमॅनिटीज’, पोरं ‘लिट हम’ म्हणतात. १९३७ पासून चालू आहे. पुस्तकांची यादी अधूनमधून बदलते, पण होमरचं इलियड, म्हणजे ग्रीकांनी ट्रॉय शहराशी केलेल्या युद्धाचं महाकाव्य, कायम. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास, वीसेक जण टेबलाभोवती बसतो. लेक्चर नाही, नोट्स नाहीत, गाईड तर नाहीच. मॅडम एखादी ओळ वाचतात आणि गप्प बसतात. ती शांतता इतकी अंगावर येते की कोणीतरी बोलतंच. परीक्षेत उतारा देऊन कोणाचा, कुठला, इथे का आला, असं विचारतात. म्हणजे आपलं ‘संदर्भासहित स्पष्टीकरण’च की! दहावीत त्याला किती शिव्या घातल्या होत्या आपण.

सुरुवातीला मी तोंड उघडत नव्हते. काही पोरं शाळेतच लॅटिन शिकून आलेली, त्यांच्या तोंडून नावं अशी पडायची जणू शेजारी राहतात. मग एक दिवस त्यातल्याच एका शहाण्याने ज्यात लपून ग्रीक ट्रॉयमध्ये शिरले, त्या लाकडी घोड्यावर जोरात बोलायला सुरुवात केली. मॅडमनी शांतपणे विचारलं, कुठल्या पानावर? इलियडमध्ये घोडा नाहीच गं! ट्रॉय पडतसुद्धा नाही त्यात. ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर मारला जातो, त्याच्या अंत्यसंस्काराशी ग्रंथ संपतो. त्या दिवसापासून मला जरा धीर आला.

मी पहिल्यांदा बोलले ते हेक्टर म्हणजे आमचा कर्ण, एवढंच. वाटलं, आता ‘वा, किती इंटरेस्टिंग’ म्हणतील आणि पुढे जातील. तसं झालं नाही. मॅडम म्हणाल्या, "कर्ण कोण ते सांग, पण आधी हेक्टर तसा कुठे दिसतो ती ओळ दाखव." शोधता शोधता सहाव्या सर्गावर आले. हेक्टर बायकोला भेटतो, शिरस्त्राणाचा तुरा बघून बाळ भोकाड पसरतं, तेव्हा तो हसून ते काढून जमिनीवर ठेवतो. आणि तिथेच, जरा आधी, तो अँड्रोमॅकीला सांगतो की ट्रॉय एक दिवस पडणार हे मला पक्कं ठाऊक आहे. मग माझी गाडी सुटली. कर्णही कृष्णाला तेच सांगतो ना, पांडवच जिंकणार हे मला दिसतंय म्हणून? तरी बाजू सोडत नाही. एका मुलीने लगेच धरलं: हेक्टरला आईबाप, बायको, मूल, सगळं गाव आहे, तुझ्या कर्णाला जन्मतःच टाकून दिलेलं, मग दोघं सारखे कसे? बरोबर आहे तिचं. पण तरीही हरणारी बाजू दोघं का सोडत नाहीत, हा प्रश्न उरतोच, आणि माझा निबंध त्यावरच आहे.

शेवटच्या सर्गावर मात्र कोणालाच शहाणपणा सुचला नाही. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत, हेक्टरला मारणाऱ्या ग्रीक वीर अकिलीजकडे जातो आणि ज्या हातांनी त्याची पोरं मारली तेच हात चुंबतो. दोघं रडतात, पण एकमेकांसाठी नाही. प्रायम हेक्टरसाठी, अकिलीज आपल्या बापासाठी आणि मारल्या गेलेल्या मित्रासाठी, पॅट्रोक्लससाठी. मग अकिलीज त्याला जेवायला लावतो. मध्येच दमही देतो, मला चिडवू नकोस म्हणून. क्षमा कोणीच मागत नाही, करतही नाही. अंत्यविधीपुरती लढाई थांबते, बाराव्या दिवशी लागलंच तर पुन्हा लढू, हे प्रायमच सांगतो. ही माणुसकी की निव्वळ थकवा, यावर आम्ही हॅमिल्टन हॉलच्या जिन्यात उभ्याउभ्या भांडलो. मी थकव्याच्या बाजूने होते. अजून आहे.

राग कशाचा येतो सांगू? समोर बटलर लायब्ररी आहे, तिच्या कपाळावर दगडात नावं कोरलीत: होमर, हिरोडोटस, सोफोक्लीज, प्लेटो, अशी. एकही बाई नाही. १९८९ मध्ये विद्यार्थ्यांनी त्यावर प्राचीन ग्रीक कवयित्री सॅफोपासून इंग्रजी कादंबरीकार व्हर्जिनिया वूल्फपर्यंत बायकांच्या नावांचा फलक टांगला होता. आता सॅफो आम्हाला अभ्यासाला आहे. पण व्यास-वाल्मीकी हवेत तर दुसरा विषय घ्या, असा हिशेब. मॅडमना हे बोलले, त्या म्हणाल्या निबंधात लिही. हे त्यांचं सगळ्यावरचं औषध.

बाबांचा सूर तुझ्यासारखाच, नोकरीला काय उपयोग? त्यांना मी बाबासाहेब ऐकवले. १९१३ ते १९१६ ते इथेच होते, तेव्हा हा सक्तीचा विषय नव्हता. तरी अर्थशास्त्राच्या २९ कोर्सेसबरोबर इतिहासाचे ११, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ त्यांनी आपणहून घेतले. बाबा गप्प झाले, मग म्हणाले, "ते बाबासाहेब होते." यावर काय बोलणार!

आता काम ऐक. तुझ्या आजोबांच्या कपाटात मराठी महाभारताचे खंड आहेत ना? उद्योगपर्वातला कृष्ण-कर्ण संवाद काढ आणि त्या पानांचे फोटो पाठव. स्पष्ट काढ, अंगठा मध्ये आणू नकोस. निबंध शुक्रवारी द्यायचाय, आणि मॅडम मलाही विचारणारच, कुठल्या पानावर?

आजोबांना नमस्कार, काकूंना चिवड्याची आठवण.

तुझीच,
मी