फोटोतल्या बैलगाडीला मालक आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये 35 वर्षे लेथ मशीनवर उभा राहिलो. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात, म्हणून वीतभर बैलगाड्या करायला लागलो. वखारीतून सागवानाच्या कपच्या आणायच्या, चाकाला 12 आरे बसवायचे, चाकाच्या कडेवर धाव म्हणून पितळी पट्टी चढवायची. जू, शिवळा, खिळी, सगळे खऱ्या गाडीसारखे. तुंबे, म्हणजे आरे ज्यात बसतात ते चाकाचे मधले गड्डे, मात्र अजून ओळखीच्या लेथवर जाऊन काढून आणतो. एका गाडीला तीन आठवडे जातात. माझा धंदा म्हणावा असा काही नाही. कुणाच्या वास्तुशांतीला, कुणाच्या पुण्यातल्या लेकीला एखादी जाते.

गेल्या पावसाळ्यात खानापूरच्या ओळखीच्या एका बाईंचा फोन आला. "मामा, तुम्ही असलं प्लास्टिकचं कधीपासून विकायला लागलायसा?" मला काहीच कळेना. त्यांनी मोबाईलवर जाहिरात बघून गाडी मागवली होती. जाहिरातीतला फोटो माझ्या गाडीचा आणि पार्सलमधून निघाली साच्यातली, तपकिरी रंग मारलेली गाडी. फोटो माझाच हे मी कशावरून म्हणतो? आमच्या तुळशीकट्ट्याचा फुटका कोपरा त्यात आहे. मापासाठी शेजारी ठेवलेली काडेपेटी आहे. आणि डाव्या चाकाचा एक आरा किंचित तिरका बसलाय. ती माझी चूक. तेव्हा चिडून चाक परत खोलणार होतो, कंटाळा केला. आज तोच आरा माझा साक्षीदार झालाय. खाली कोपऱ्यात टाकलेले माझे नाव तेवढे कातरून टाकले होते.

ज्याला सांगावे तो म्हणतो, "नेटवर टाकलं की ते सगळ्यांचंच झालं की ओ." म्हणून हे पत्र. ते सगळ्यांचे होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फोटो ही कलाकृती धरली आहे आणि तिचा हक्क फोटो काढला त्याच क्षणी लागू होतो. नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी केलीच तर वाद झाल्यावर पुरावा म्हणून ती उपयोगी पडते, इतकेच. 2012 च्या दुरुस्तीनंतर फोटोवरचे नाव किंवा खूण हक्क मारण्यासाठी जाणूनबुजून काढणे हाही वेगळा गुन्हा झाला आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. म्हणजे माझे नाव कातरणाऱ्याने एकाला दोन गुन्हे केले.

यात एक गाठ आहे, ती मला वकिलांकडे गेल्यावर कळली. गाडी माझी, पण फोटो भाच्याने काढलेला. कायद्याने फोटोचा पहिला मालक तो काढणारा, म्हणजे भाचा! स्टुडिओवाल्याला पैसे देऊन काढवून घेतला असता, तर वेगळा करार नसल्यास तो माझा झाला असता. आता भाच्याकडून हक्क लिहून घेतला आहे, सहीनिशी. त्यातही मुदत लिहायला विसरलात तर कायदा ती पाचच वर्षे धरतो. घरातल्या घरात कसले कागद, असे म्हणून बायको हसली. हसू दे.

तक्रारीचेही सांगतो. फोटो दाखवणाऱ्या वेबसाईटला आपण लेखी कळवले, तर नियमाप्रमाणे तिने 36 तासांत तो झाकायचा असतो. पण 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणून दाखवला नाही, तर ती पुन्हा उघडा करू शकते. 21 दिवस! तेवढ्यात माझी एक गाडी होते, आपल्याकडे कोर्टाची एक तारीखही पडत नाही. शिवाय गाडीच्या किमतीपेक्षा वकिलाची फी जास्त. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये कॉपीराइटचा भंग हा दखलपात्र गुन्हा ठरवला, म्हणजे पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात. एका पोलीस ठाण्यात मी ते सांगून पाहिले. साहेबांनी गाडीचे कौतुक केले, चहा पाजला आणि "बघू" म्हणाले.

तेव्हा आधीच सांभाळलेले बरे. आता मी नाव कोपऱ्यात टाकत नाही, चाकाच्या आऱ्यांवरूनच आडवे टाकतो. ते पुसायला गेले की चाक बिघडते. नेटवर फोटो लहान करूनच चढवतो, मोठा मूळ फोटो घरच्या कॉम्प्युटरवर. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो कधी, कोणत्या मोबाईलवर काढला ही आतली माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. आणि सगळ्यात कामाचे म्हणजे अर्धवट गाडीचे फोटो: नुसता तुंबा, सहा आरे बसलेले चाक, धाव चढवायच्या आधीची गाडी. तयार गाडीचा फोटो कुणीही ढापेल, पण सहा आऱ्यांचे चाक त्याच्याकडे कुठून येणार? ज्यांची फसवणूक झाली त्या खानापूरच्या बाईंना ग्राहक हेल्पलाईनचा 1915 नंबर दिला आहे. त्यांनी तक्रार नोंदवली की नाही, विचारायचे राहिले.

जाता जाता एक विनंती तुम्हालाही. दिवाळीत आपल्या बेळगावात गल्लोगल्ली किल्ले होतात. पोरे आठ-आठ दिवस चिखलात हात घालून राजहंसगड, पन्हाळा, प्रतापगड उभे करतात. त्यांचे फोटो मोबाईलवर फिरत फिरत वर्तमानपत्रांतही छापून येतात, खाली बहुतेक वेळा नुसते "बेळगाव येथील किल्ला". कोणत्या गल्लीतल्या पोरांनी केला, फोटो कुणी काढला, पत्ता नाही. येत्या दिवाळीला तुमच्या पानावर तरी फोटोखाली ही दोन्ही नावे छापावीत. यादी मिळत नसेल तर आमच्या गल्लीची मी आणून देतो.

आपला,
एक जुना टर्नर
अनगोळ, बेळगाव