आईचं ऑपरेशन लग्नानंतरच

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर हा विषय निघाला की बाबा चेष्टा करतात आणि आई "राहू दे गो" म्हणून फोन ठेवते. म्हणून लिहायला बसले. आईला डीप प्लेन फेसलिफ्ट, म्हणजे लोंबलेले गाल आतून वर उचलायचं ऑपरेशन, करायचं असेल तर माझी ना नाही. आणि बाबा, "या वयात कसली हौस" हे पुन्हा काढू नका, तुम्ही मिशा काळ्या करताच की! माझं भांडण फक्त तारखेशी आहे. दादाच्या मुलीचं लग्न दीड महिन्यावर असताना हे नको.

आई, मी ऑपरेशन थिएटरमध्ये रोज उभी असते म्हणून सांगते. पूर्वी नुसती कातडी ओढायचे, त्यामुळे चेहरा ताणलेला दिसायचा. कातडी आणि चरबीच्या खाली स्मास नावाचा एक चिवट पडदा असतो. १९७६ साली मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. पुढे १९९० मध्ये अमेरिकेतल्या सॅम हॅम्रांनी त्या पडद्याच्या खालून काम करायची ही डीप प्लेन पद्धत मांडली. गालाला हाडाशी बांधून ठेवणारे बंध सोडवतात आणि पडदा, चरबी, कातडी एकसंध वर घेतात. साडीचा पदर कितीही ओढला तरी निऱ्या सुटलेल्या असतील तर ती बसत नाही, तसंच हे. गाल आणि जबड्याची लोंबलेली कड यांना फरक पडतो. डोळ्यांखालच्या पिशव्या आणि ओठांवरच्या बारीक रेघा मात्र याने जात नाहीत.

चार-पाच तास सहज लागतात. टाके कानाच्या पुढून मागे, केसांत जातात. चेहरा हलवणारी नस त्याच पडद्याखालून जाते. कधीकधी ओठाची एक बाजू काही आठवडे मंद राहते, क्वचित कायमची. म्हणून सर्जन प्लास्टिक सर्जरीतलाच हवा आणि हेच ऑपरेशन नेहमी करणारा हवा. किनाऱ्याकडच्या क्लिनिकच्या पाट्या बघून ठरवू नका.

सगळ्यात मोठी भीती रक्त साचण्याची. बहुतेक वेळा ते पहिल्या २४ तासांतच होतं आणि बीपी चढलं की धोका वाढतो. एक गाल अचानक टणक होऊन दुखू लागला तर सकाळची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. म्हणून पहिली रात्र हॉस्पिटलात आणि पुढचे काही दिवस पणजीला मावशीकडे. वाळपईला लगेच परतायचं नाही.

तिसऱ्या दिवशी आरसा बघून आई रडेल, हे बाबांनी आत्ताच लक्षात ठेवावं. सूज तेव्हाच सर्वांत जास्त असते. डोकं उंच ठेवून उताणं झोपायचं, पेज आणि मऊ भात खायचा. वाकणं, कळशी उचलणं, कुळागरात जाणं बंद. निळे-हिरवे डाग दोन-तीन आठवडे राहतात. कानाची पाळी कित्येक महिने बधिर असते. कुडी घालताना फिरकी जास्त आवळली तरी तुला कळणार नाही, तेव्हा घाई नको. केसांचा रंगही डॉक्टर सांगतील तोवर बंद. आपल्या कातडीवर व्रण उन्हाने काळे पडतात, म्हणून पुढचे काही महिने छत्री सोडायची नाही. चेहरा पुरता बसायला सहा महिने ते वर्ष लागतं. दीड महिन्यात तू लोकांत वावरशील, पण लग्नाच्या फोटोंत गाल अजून किंचित फुगलेले दिसतील आणि नंतर तुलाच चुटपुट लागेल.

आणि तुझी तपकीर. बाबांना माहीत नाही असं तुला वाटतं! निकोटिनने कातडीचं रक्त तुटतं आणि जखमेची कड काळी पडून मरते. ती महिनाभर आधीच सोडायची, नंतरही तोंडात नको. बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. ओमेगा-थ्रीच्या कॅप्सूल आणि गुडघ्याची दुखण्याची गोळी चालू आहे, हे डॉक्टरांना स्वतःहून सांगायचं.

बाबा, उद्यापासून सकाळ-संध्याकाळ आईचं बीपी वहीत लिहा. लग्न होऊ द्या, मग ती वही घेऊन आपण तिघं डॉक्टरांकडे जाऊ. रजा मी आधीच टाकून ठेवते.

तुमची,
लेक