चालू लेझर प्रिंटर नव्या नेटवर्कला न जोडताच ‘निकामी’ ठरवल्याबद्दल तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : कोटेशनमध्ये कबूल केलेले प्रिंटर जोडणीचे काम अपुरे सोडून चुकीचा सर्व्हिस रिपोर्ट दिल्याबाबत.

महोदय,

सांगलीत हरभट रोडलगत माझा डीटीपी आणि छपाईचा लहानसा व्यवसाय आहे. दिवाळीनंतर आपल्या सांगली शाखेकडून मी तीन संगणक, राउटर, नेटवर्क स्विच (सगळ्या केबल एकत्र जोडणारी पेटी) आणि दुकानातले सगळे केबलिंग असे एकत्र काम करून घेतले. कोटेशनची शेवटची ओळ अशी आहे : ‘ग्राहकाकडील जुना ए-३ लेझर प्रिंटर नव्या नेटवर्कवर जोडून तिन्ही संगणकांवरून चालू करून देणे.’ बिलाची पूर्ण रक्कम आपल्याला पोचली आहे. काम मात्र झालेले नाही. आपल्या इंजिनिअरने सर्व्हिस रिपोर्टवर ‘प्रिंटरचे नेटवर्क कार्ड खराब, प्रिंटर कालबाह्य, नवीन घेण्याची शिफारस’ असा शेरा मारला आणि लगेच शाखेकडून नव्या प्रिंटरचे कोटेशन व्हॉट्सॲपवर आले.

कार्ड खराब नाही आणि प्रिंटरही खराब नाही. हे मी पुराव्यासह लिहीत आहे, त्यामुळे पत्र लांबले तरी शेवटपर्यंत वाचावे, ही विनंती.

नवे संगणक मी हौसेने घेतलेले नाहीत. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या जुन्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्याने त्यांवर विंडोज ११ चढत नव्हते. ग्राहकांच्या फायली, बँकेचे व्यवहार आणि जीएसटी सगळे त्याच मशीनवर चालत असल्याने जोखीम घेण्यात अर्थ नव्हता. खर्च केला तो एवढ्यासाठी. मात्र खरेदीच्या बोलणीत पहिल्या दिवसापासून मी एकच अट ठेवली होती : हा प्रिंटर चालला पाहिजे. ती अट मान्य झाली म्हणूनच ऑर्डर आपल्याला दिली.

हा प्रिंटर माझ्यासाठी का महत्त्वाचा आहे, ते आपल्या इंजिनिअरच्या लक्षात आले नाही असे दिसते. माझ्याकडे साधी पत्रे छापायचे काम फारसे नसते. लग्नपत्रिका, मंडळांची पावती पुस्तके, मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अडत दुकानांची बिलबुके यांच्या ट्रेसिंग, म्हणजे अर्धपारदर्शक कागदावरच्या प्रिंट, मी काढून देते. त्यावरून प्लेट बनते आणि मग ऑफसेटवर छपाई होते. ट्रेसिंग उलटी काढावी लागते, म्हणजे टोनरची बाजू थेट प्लेटला चिकटून बसते आणि अक्षराच्या कडा स्वच्छ येतात. काळा रंग भरीव उमटला नाही, तर उजेड आरपार जातो आणि प्लेटवर अक्षर भुरभुरते. या प्रिंटरचे मागचे झाकण उघडले की कागद कुठेही न वळता सरळ बाहेर येतो. आपण ज्या प्रिंटरचे कोटेशन पाठवले आहे, तो ए-४ चा आहे आणि त्यात कागद वळून वरच्या ट्रेमध्ये पडतो. ट्रेसिंग अशा वळणावर सुरकुतते. मराठीत तर एक सुरकुती पडली की शिरोरेषा तुटते आणि वधूचे नाव दोन तुकड्यांत छापले जाते. म्हणजे आपण सुचवलेला प्रिंटर माझे काम करूच शकत नाही. ग्राहक काय काम करतो, हे न विचारताच शिफारस केली गेली आहे.

२०१९ च्या पुरात दुकानात पाणी शिरायच्या आत आम्ही सगळ्यात आधी हाच प्रिंटर वर चढवला होता. त्याचे सुटे भाग आणि टोनर आजही मिळतात. दरवर्षी सर्व्हिसिंग होते. रोलर बदलले आहेत. प्रिंट कशी येते ते दाखवायला एक नमुना ट्रेसिंग सोबत जोडली आहे.

आता तांत्रिक भाग. माझा भाचा वालचंद कॉलेजला इंजिनिअरिंग शिकतो. त्याने आणि मी मिळून जे पाहिले ते लिहिते.

प्रिंटरच्या मागे नेटवर्कच्या सॉकेटशेजारी एक बारीक हिरवा दिवा आहे. आपल्या नव्या स्विचला केबल लावली की तो लागत नाही. इंजिनिअरने केबल बदलली, टोके नव्याने क्रिंप केली, दुसऱ्या पोर्टला लावून पाहिले आणि दिवा लागत नाही म्हणून कार्ड जळाले असा निष्कर्ष काढला. खरे कारण स्विचच्या खोक्यावरच छापलेले आहे. स्विच २.५ गिगाबिटचा आहे आणि त्याचे पोर्ट १०० एमबीपीएस, १ गिगाबिट आणि २.५ गिगाबिट या तीनच वेगांवर चालतात. प्रिंटरचे कार्ड १०बेस-टी प्रकारचे, म्हणजे फक्त १० एमबीपीएसचे आहे. ते मानक १९९० चे, १०० एमबीपीएसचे १९९५ चे आणि २.५ गिगाबिटचे २०१६ चे. कार्ड आणि स्विच या दोघांमध्ये समान वेगच नाही, मग दिवा लागणार कसा? माळ्यावरून आमचा जुना आठ पोर्टचा १०/१०० स्विच काढला, नव्या स्विचची एक केबल त्यात दिली आणि प्रिंटर त्याला जोडला. दिवा तत्क्षणी लागला. जुना स्विच प्रिंटरशी १० वर बोलतो आणि नव्या स्विचशी १०० वर. ज्या कार्डाला आपण लेखी ‘खराब’ ठरवले, ते पूर्ण शाबूत आहे.

फोनवर आपल्या शाखेतून सांगण्यात आले की १० एमबीपीएस आता फार हळू पडते. माझ्या कामाला ते पुरते. ए-३ पानाचा ६०० डीपीआयचा कच्चा बिटमॅप धरला, तरी तो पावणेनऊ मेगाबाइटच्या आसपास भरतो आणि १० एमबीपीएसवर साधारण सात-आठ सेकंदांत पोचतो. प्रत्यक्षात पोस्टस्क्रिप्टमध्ये, म्हणजे प्रिंटरला पानाचे वर्णन पाठवण्याच्या भाषेत, ठिपके न जाता अक्षरांचे आकार जातात, त्यामुळे माझी बहुतेक पाने त्याहून खूप लहान असतात. ट्रेसिंग ट्रेमध्ये नीट बसवायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

दिवा लागल्यावरही संगणकाला प्रिंटर दिसेना, कारण पत्ता जुळत नव्हता. प्रिंटरच्या पॅनलवरून कॉन्फिगरेशनचे पान काढले, तर त्यावर १९२.१६८.०.५० हा ठरवून दिलेला आयपी होता. आपण बसवलेला राउटर १९२.१६८.१ या मालिकेतले पत्ते देतो. जुन्या राउटरची मालिका वेगळी होती, एवढाच फरक. पॅनलवरून पत्ता बदलल्यावर पिंगला, म्हणजे संगणकाने नेटवर्कवरून मारलेल्या हाकेला, प्रिंटरचे उत्तर आले. आपल्या इंजिनिअरने हे पान काढून पाहिलेच नव्हते. ते प्रत्येक वेळी ‘ॲड प्रिंटर’ दाबून संगणक आपोआप शोधतो का, याची वाट पाहत बसत. इतका जुना प्रिंटर स्वतःची ओळख नेटवर्कवर जाहीर करत नाही. त्याचा आयपी हाताने देऊन, टीसीपी/आयपी पोर्ट बनवून, ९१०० क्रमांकाचा रॉ पोर्ट निवडावा लागतो. नेटवर्क बसवण्याचे पैसे घेणाऱ्या माणसाला एवढे माहीत असायलाच हवे.

ड्रायव्हरच्या बाबतीत तर माझा कागद आणि टोनर दोन्ही वाया गेले. जुना ड्रायव्हर ३२ बिटचा होता. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, त्यामुळे तो चालणार नाही हे मला मान्य आहे. पण इंजिनिअरने त्याऐवजी त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलचा पीसीएल ६ (प्रिंटरशी बोलण्याची दुसरी भाषा) ड्रायव्हर टाकला. या प्रिंटरला पीसीएल ६ कळत नाही. त्याने प्रत्येक पानाच्या माथ्यावर एकेक ओळ अगम्य चिन्हे छापत ट्रे रिकामा केला. त्या पानांना इंजिनिअरने ‘प्रिंटरचा मदरबोर्ड गेल्याचे लक्षण’ म्हटले. प्रिंटरमध्ये पोस्टस्क्रिप्ट आहे, हे कॉन्फिगरेशनच्या पानावर ठळक लिहिलेले आहे. पोस्टस्क्रिप्टचा ६४ बिट ड्रायव्हर टाकल्यावर माझ्या टेबलावरच्या एका संगणकावरून पान जसेच्या तसे निघाले, जोडाक्षरांसकट.

‘मायक्रोसॉफ्टने जुने प्रिंटर बंदच केले आहेत,’ असेही मला ऐकवण्यात आले. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केले ते वेगळे आहे. प्रिंटर कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवायचे, असा तो निर्णय आहे. असलेले ड्रायव्हर इन्स्टॉल करायला त्यात बंदी नाही. ग्राहकाला तांत्रिक गोष्टी कळत नाहीत असे गृहीत धरून अर्धवट माहितीवर नवा माल खपवणे मला अत्यंत गैर वाटते. माझ्या ओळखीच्या एका छापखान्याने असाच सल्ला ऐकून चालता प्रिंटर भंगारात दिला आणि आता ते ट्रेसिंग काढायला माझ्याकडे येतात.

सर्वात गंभीर बाब पुढची आहे. नेटवर्कवरून जमत नाही म्हणून इंजिनिअरने मध्येच प्रिंटर यूएसबी-पॅरलल केबलने एका संगणकाला जोडला आणि तिथून तो शेअर केला. दुसऱ्या संगणकावर ११बी ने संपणारा एरर आला. सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरवर हा एरर अनेक ठिकाणी आला होता. त्यावर उपाय म्हणून त्यांनी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत जाऊन, प्रिंटिंगच्या संपर्काला संरक्षण देणारी नोंद शून्य करून ठेवली. मला विचारले नाही, सांगितले नाही, रिपोर्टवरही लिहिले नाही. भाच्याने पाहिले म्हणून कळले. सुरक्षेसाठी मी नवे संगणक घेतले आणि आपल्या माणसाने त्याच संगणकांची एक कडी गुपचूप काढून ठेवली. उद्या काही बिघडले असते, तर खापर कोणावर फुटले असते? शिवाय त्या व्यवस्थेत तो एक संगणक सुरू असल्याशिवाय बाकी दोघांवरून प्रिंट निघत नव्हती. कोटेशनमध्ये हे ठरलेले नाही.

तुळशीचे लग्न झाले की पत्रिकांची कामे अंगावर येतात. याच काळात मला ट्रेसिंग बाहेरून काढून आणाव्या लागल्या. एका लग्नघरी मजकुरात ऐन वेळी दुरुस्ती निघाली, तेव्हा रात्री दुसऱ्याच्या दुकानात जाऊन बसावे लागले. हा भुर्दंड मी सोसला आहे. शाखेत फोन केला की ‘साहेब साइटवर आहेत’ असे सांगून वेळ मारून नेली जाते. दुरुस्तीऐवजी प्रत्येक वेळी नव्या प्रिंटरचाच विषय काढला जातो. यापुढे ही टोलवाटोलवी चालणार नाही.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. चालू १०/१०० स्विच आपल्या खर्चाने बसवून द्यावा. सध्याचा आमचा जुना स्विच तात्पुरता लावलेला आहे आणि त्याचा ॲडॅप्टर सैल आहे. प्रिंटरचा आयपी राउटरमध्ये राखून ठेवावा, म्हणजे तो दुसऱ्या उपकरणाला जाणार नाही. उरलेल्या दोन्ही संगणकांवर पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर टाकून, माझ्यासमोर ए-३ ट्रेसिंगची उलटी प्रिंट काढून दाखवावी. रजिस्ट्रीतली नोंद पूर्ववत करावी आणि तिन्ही संगणकांत आणखी काय बदलले ते लेखी द्यावे. ‘कार्ड खराब’ हा शेरा असलेला रिपोर्ट रद्द करून दुरुस्त रिपोर्ट द्यावा. मला हे प्रिंटरच्या वार्षिक देखभाल करारासाठीही लागणार आहे. खराब म्हणून नोंद झालेले मशीन कोणी करारात घेत नाही. आणि वॉरंटी असताना ‘व्हिजिट चार्ज’ म्हणून जे पैसे घेतले, ते परत करावेत. ते काम मुळात बिलातच धरलेले होते.

नवा प्रिंटर मी घेणार नाही. त्याबद्दल पुन्हा फोन करू नये.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काम पूर्ण झाले नाही, तर मी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करेन. हा व्यवसाय मी उपजीविकेसाठी स्वतः चालवते. अशा खरेदीदाराला कायदा ग्राहकच मानतो, त्यामुळे ‘व्यापारी वापर’ हे कारण पुढे करू नये. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणून ती सांगलीतच होईल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करीन. ही वेळ येऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपण दिलेले संगणक चांगले आहेत, केबलिंगही नेटके झाले आहे. ते काम करणाऱ्या मुलांनी दुकानात एक वायर लोंबती ठेवली नाही. स्विचबद्दलही माझी तक्रार नाही. त्यासमोर काय जोडायचे आहे, ते कोणी वाचले नाही, ही तक्रार आहे.

येताना नेटवर्कची माहिती असलेला माणूस पाठवावा आणि आदल्या दिवशी फोन करावा. सकाळी अकराच्या आत आल्यास बरे, त्यानंतर गिऱ्हाइकांची गर्दी असते आणि प्रिंटर मोकळा मिळत नाही.

सोबत कोटेशन, बिल आणि सर्व्हिस रिपोर्टच्या प्रती, प्रिंटरचे कॉन्फिगरेशनचे पान, चुकीच्या ड्रायव्हरने निघालेली काही पाने, हिरवा दिवा लागलेला असतानाचा फोटो आणि नमुना ट्रेसिंग जोडली आहे.

आपली ग्राहक,
डीटीपी व छपाई व्यावसायिक,
हरभट रोड परिसर, सांगली