पानाची मागची बाजू

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

पार्सल परवा दुपारी मिळालं. पोस्टमनदादांनी हातात दिलं तेव्हा वाटलं, आईची औषधं आली असतील. मग वरचं अक्षर पाहिलं. तुमचं अक्षर मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. इतके दिवस तुम्ही मला माहीत होता ते फोनवर टाइप केलेल्या दोन-दोन ओळींतून. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह निघाला आणि एक दोनशे पानी वही.

हे पत्र तुम्हाला एकट्यालाही पाठवता आलं असतं. पण झाडं-फुलपाखरांच्या रोजच्या फोटोंच्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप मंडळींपुढे मुद्दाम उघडपणे लिहिते आहे. तुम्ही काय केलंत हे तुम्ही कुणाला सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

मार्चमध्ये माझा फोन पाण्याच्या बादलीत पडला. दुरुस्तीवाल्याने चार दिवस ठेवून घेतला आणि आतलं काही वाचलं नाही म्हणून परत दिला. मी कुठे काही जपून ठेवलेलं नव्हतं. तीन पावसाळ्यांपासूनच्या सकाळी त्यात होत्या. तुम्हा सगळ्यांना मी एवढंच कळवलं की फोन गेला, काही दिवस फोटो येणार नाही. बाकीच्यांनी हळहळ व्यक्त केली. तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि खरं सांगते, मला ते थोडं लागलं होतं.

पेन ड्राइव्हमध्ये ८६२ फोटो आहेत. मी पाठवलेला प्रत्येक. वर्ष, महिना, तारीख अशा फोल्डरांत लावलेला, प्रत्येकाच्या नावात जागा आणि ओळख. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सांगितलं होतं, की फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं आणि त्याच्या पोटातली तारीख-वेळही गळून पडते. तेव्हा मला ही कटकट वाटली होती. आज ८६२ पैकी बहुतेक फोटो मूळच्या आकारात, मूळच्या वेळेसकट माझ्यासमोर आहेत ते त्या कटकटीमुळे.

पहिला फोटो उघडला आणि बराच वेळ तसाच ठेवला. ऑगस्टमधली सकाळ, अजिंक्यताऱ्याच्या वाटेवरचं एक नारिंगी फुलपाखरू. मी खाली अगदी खात्रीने ‘प्लेन टायगर’ लिहिलं होतं. अंगठे, फुलं, ‘वा, सुंदर’ असं बरंच आलं. तुम्ही विचारलंत, "छान आहे. मागच्या पंखाच्या मध्यावर काळे ठिपके किती दिसतात?" मी मोजले. मध्यावर एकही नव्हता, फक्त वरच्या कडेला एक होता. प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर मध्याजवळ तीन-चार असतात. माझं ते डॅनेड एगफ्लायची मादी निघाली. प्लेन टायगरच्या अळ्या रुईच्या कुळातली झाडं खातात, त्यांचं विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. आणि ही बिनविषारी मादी नेमका तोच वेष घेऊन फिरते. तिचा नर तर काळाभोर, पंखांवर मोठे पांढरे ठिपके, त्यांना जांभळी झाक. त्या आठवड्यात मी त्यालाही पाहिलं होतं आणि वेगळीच जात समजून सोडून दिलं होतं. हे सगळं तुम्ही दुसऱ्या दिवशी सांगितलंत. पहिल्या दिवशी फक्त ठिपके मोजायला लावलेत.

ते तसंच चालू राहिलं. मी फोटो पाठवायचा आणि तुम्ही एक प्रश्न विचारायचा. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? देठ तोडला तर चीक येतो का? बसताना पंख मिटतो की पसरतो? आणि सगळ्यांत जास्त वेळा, "पानाची मागची बाजू दाखवाल?" वहीत तुम्ही हे प्रश्नही उतरवून ठेवले आहेत, म्हणून मोजता आलं: पानाची मागची बाजू तुम्ही माझ्याकडे ९७ वेळा मागितलीत. सुरुवातीला मला वाटायचं, नाव सांगून टाकायला काय हरकत आहे? पण रुईचं पान उलटं केलं त्या दिवशी खाली एकुलतं एक अंडं दिसलं, टाचणीच्या डोक्याहून लहान. ते मी रोज बघत गेले. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी झाली, तिच्या पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या आल्या, मग ती लोंबकळून हिरवा कोष झाला. नाव सांगून टाकलं असतंत, तर मी पुढच्या झुडपाकडे गेले असते.

माझ्याकडे त्या काळात सकाळचा पाऊण तासच होता हे तुम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. त्या जूनमध्ये आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. शेजारच्या काकू साडेसहाला येऊन बसायच्या, तेवढ्या वेळात मी किल्ल्याच्या वाटेने जाऊन परत यायची. फोटो काढायचे हे एक निमित्त होतं. घराबाहेर पडून मोठा श्वास घ्यायचा, एवढंच खरं कारण होतं.

एकदा तुम्ही रागावलात. तुम्ही त्याला राग म्हणणार नाही, मला मात्र तो तसा लागला आणि लागायलाच हवा होता. सप्टेंबरात बहीण आली होती, तिच्या जिवावर आईला सोडून मी कासच्या पठारावर गेले. तिथे दवबिंदू नावाच्या रोपाचा फोटो काढला, पानांवरच्या लाल केसांना चिकट थेंब, त्यात अडकलेली माशी. आजवरचा माझा सगळ्यांत चांगला फोटो तो, असं मला वाटत होतं. तुम्ही विचारलंत, "फोटो काढताना कोपर कुठे टेकलं होतं?"

मला आठवत होतं कुठे टेकलं होतं. आणि मी उत्तर दिलं नाही.

मग तुम्ही समजावून सांगितलंत. जांभ्या दगडावर मातीचा अगदी पातळ थर असतो, काही ठिकाणी बोटभरसुद्धा नाही. त्या मातीत नत्र इतकं कमी की दवबिंदू आणि सीतेची आसवं ही झाडं किडे पकडून आपली गरज भागवतात. बरीचशी झाडं पाऊस सुरू झाला की उगवतात आणि पाऊस संपता संपता बी टाकून मोकळी होतात. फुलाआधी दबलं ते झाड त्या वर्षी बी धरत नाही. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ज्या जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत कास आहे. मी साताऱ्याची असून हे फक्त फलकावर वाचलं होतं. पेन ड्राइव्हमध्ये त्या फोटोच्या नावात तुम्ही जागा, तारीख आणि ‘दवबिंदू’ एवढंच ठेवलं आहे. कोपराचा उल्लेख वहीतही नाही. तो तुम्ही गाळलात हे माझ्या लक्षात आलं.

आणि शिंपी पक्ष्याचं घरटं. मी कुंपणाजवळच्या झुडपात पानं शिवलेली पाहिली. आत पिल्लं होती. नीट दिसावं म्हणून मी वरचं पान बाजूला वाकवलं, फोटो काढला, पाठवला. दोन मिनिटांत तुमचा निरोप आला, सगळ्यांपुढे नाही, मला एकटीला: "पान होतं तसं करा. लांब जा. आज परत जाऊ नका, उद्याही नाही. आपण जाऊन आलो की कावळ्याला वाट कळते. फोटो इथून काढून टाका." मी काढून टाकला. तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलं असतंत तर कदाचित मी फोटो पाठवणंच बंद केलं असतं, इतकी मी त्या दिवसांत हळवी झाले होते. त्या पिल्लांचं काय झालं मला माहीत नाही. तुम्ही जाऊ नका म्हणालात, मी गेले नाही. पण अजून ते झुडूप दिसलं की पोटात कालवतं.

त्यानंतर घरट्याचा फोटो मी एकही काढलेला नाही, आणि कुणी एखाद्या पक्ष्याची नेमकी जागा विचारली तर सांगत नाही. विणीच्या दिवसांत एकेका घरट्यापुढे कॅमेऱ्यांची रांग लागते, फांद्या छाटल्या जातात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. लोक वाईट नसतात. त्यांना वेळेवर कुणी तसा निरोप पाठवलेला नसतो.

आता आईबद्दल. हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही.

पहिल्या वर्षीचा पावसाळा संपत आला होता. मी शेताच्या बांधावरच्या तुऱ्यांचा फोटो पाठवला, खाली पांढरे, टोकाला गुलाबी. तुम्ही शास्त्रीय नाव दिलंत आणि लिहिलंत, "मराठीत याला दोन-तीन नावं आहेत. तुमच्याकडे काय म्हणतात, घरात कुणी मोठं असेल तर विचारा ना." घरात मोठं म्हणजे आई. चार महिने आम्ही तिला काय विचारत होतो? दुखतंय का, पाणी हवं का, कूस बदलू का. मी फोन तिच्यासमोर धरला आणि म्हटलं, आई, एक काका विचारतायत, याला काय म्हणतात? ती खूप वेळ बघत राहिली. ओठ हलवून पाहिले. मग म्हणाली, "कुर्डू." स्पष्ट. थोड्या वेळाने डाव्या हाताने खुडल्यासारखं करून दाखवलं. तिच्या माहेरी, जावळीत, त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करायचे.

तिच्यावर उपचार करणाऱ्या ताई म्हणाल्या, हे चांगलं आहे, रोज एक फोटो दाखवा. म्हणजे तुमच्या प्रश्नानेच आईचे बोलण्याचे धडे सुरू झाले. टाकळा, आघाडा, घोळ, तेरडा, सोनकी. घोळ म्हणताना तिला अजून त्रास होतो, पण म्हणते. आणि बघा, डॅनेड एगफ्लायच्या अळ्या घोळीवर वाढतात हे तुम्ही सांगितल्यापासून आमच्या गच्चीतल्या कुंडीतली घोळ ती कुणाला उपटू देत नाही.

पेन ड्राइव्हमध्ये एका ऑक्टोबरात १४ ते २४ तारखेचे अकरा फोल्डर रिकामे आहेत. त्या दिवसांत आई पुन्हा दवाखान्यात होती, मी कुणाला कळवलं नव्हतं. तुम्ही विचारलंही नव्हतं. पण ज्या दिवशी फोटो आला नाही त्या दिवसाचाही फोल्डर तुम्ही करून ठेवलात. ते अकरा मी एक एक करून उघडले, काका. आत काही नाही हे दिसत असूनही उघडले.

वहीच्या पहिल्या पानावर तुम्ही लिहिलं आहे की आता तरी हे आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवा, तिथे बुडत नाहीत. सुरुवात केली आहे. २००८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा प्रकल्प म्हणून ते सुरू केलं होतं, हे वाचून मला बरं वाटलं. आपल्यासारख्यांना तिथे जागा आहे असं वाटलं. आत्तापर्यंत १४० फोटो चढवले. ओळख सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जणांचं जातीवर एकमत झालं की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते, तशा ५८ झाल्या. धोक्यातल्या जातींची नेमकी जागा ते आपणहून झाकतात, हे मी आधी तपासून घेतलं. तीनदा लोकांनी तुमची ओळख खोडून काढायचा प्रयत्न केला. दोनदा तुम्ही बरोबर होता. तिसऱ्यांदा नव्हता, तो कोळी वेगळा निघाला. सविस्तर वेगळं कळवते, तुम्हाला ते आवडेल.

वहीच्या शेवटी ‘राहिलेले’ म्हणून २३ नोंदी आहेत, ज्यांची ओळख पटली नाही, आणि प्रत्येकीपुढे तुमचा प्रश्न. त्यातल्या तीन या आठवड्यात केल्या.

सातवी नोंद, वळणावरचं निष्पर्ण झाड. तुमचा प्रश्न, साल कागदासारखी सुटते का? सुटत नाही. म्हणजे सालई नाही. फांद्यांच्या टोकांना बारीक फळांचे घोस लोंबतायत, मोई असावी. फोटो पाठवते आहे.

बारावी, भिंतीवरचं मातीचं बोळकं. तोंडाला काठ आहे का? आहे, सुगडासारखा. कुंभारीण माशीचंच. आता रिकामं आहे, बाजूला भोक पडलंय, आतली बाहेर पडून गेली.

पंधरावी, वडाच्या जातीचं ते रोप. पानाची मागची बाजू, लव आहे का? आहे. बोटाला कळते.

एकोणिसावी मात्र आत्ता होणार नाही. ती पांढरी आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलाची मागची शेपटी किती लांब? जमिनीखाली कंद आहे, पाऊस पडला की वर येईल. तिथे दोन दगड एकावर एक ठेवून खूण करून आले आहे. पट्टी घेऊन ऑगस्टात जाईन आणि टेकायचं झालंच तर दगडावर टेकेन.

आईने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. स्वतःच्या तोंडाने.

आपली,
साताऱ्याहून