वाटीभर डाळीचं पाणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताहाच्या बातम्या आपल्या अंकात यंदाही आल्या. ‘सहा महिने फक्त आईचं दूध’ हे ठळक छापलं होतं, आणि ते हवंच. तासाभरात बाळाला छातीशी घ्या, चीक पिळून टाकू नका, मध-घुटी चाटवू नका, पाणीसुद्धा नको, हे आमच्याकडच्या आज्यांनाही आता पाठ आहे. (पटलंय असं म्हणत नाही.) पण सातव्या महिन्यापासून काय भरवायचं, यावर चार ओळीही सापडल्या नाहीत.

मी बावीस वर्षं अंगणवाडीत बाळांची वजनं केली. तक्त्यावर छान चढत गेलेली रेघ सहा-सात महिन्यांनंतर आडवी व्हायची. आईला विचारलं की उत्तर ठरलेलं, “खातंय की बाई, रोज वाटीभर डाळीचं पाणी पितंय.” अहो, डाळ राहिली पातेल्याच्या तळाशी, बाळाच्या वाट्याला आलं हळदीचं पाणी! त्याचं पोट केवढंसं. ते पाण्यानं भरलं की दूधही नको होतं.

मी एकच खूण सांगायचे. चमचा तिरका केला तर घास ओघळून जाता कामा नये. घट्ट वरण, मऊ भात, वर तूप. नाचणीची घट्ट खीर, कुस्करलेलं केळं, घरात चालत असेल तर उकडून कुस्करलेलं अंडं. अंगावरचं दूध मात्र दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातली सहा महिन्यांखालची ६३.७ टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती. ६ ते २३ महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी मात्र अवघी ११.३ टक्के.

अंगणवाडीत अन्नप्राशन दिन होतो. रांगोळी, औक्षण, चमचाभर खीर, फोटो, की झालं उष्टावण. तिथे घरातलंच वरण-भात कालवून किती घट्ट ते दाखवा ना! आणि आईबरोबर सासूबाईंनाही बोलवा. कांदा काढणीला सून सकाळीच रानात जाते, बाळ दिवसभर सासूबाईंच्या मांडीवर. त्यांना चहात बुडवलेलं बिस्कीट सोपं पडतं.

आपल्या महिला पुरवणीत सातव्या महिन्यासाठी एक कोपरा द्यावा. पाककृती मी पाठवीन, फुकट.

आपली वाचक,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका, ता. सिन्नर, जि. नाशिक